येलहंक्यात मेख मारून दाखवा!

बंगळुरूत नोकरीला आलेल्या मराठी माणसाला पहिल्या वर्षी वडापाव आठवतो आणि दुसऱ्या वर्षी सह्याद्री. त्यातल्या त्यात ज्यानं शहराच्या उत्तर टोकाला, येलहंक्यात घर घेतलं, त्याचं नशीब बरं. तासा-दीड तासावर डोंगरांची रांग, वाटेत तळ्यांवर तळी. शनिवारी गाडीत तंबू, शिधा, टॉर्च टाकला की झालं, असं वाटतं खरं. पण इथले डोंगर आपल्या ओळखीचे नाहीत. तेव्हा निघण्याआधी हा थोडा कोरडा शिधाही बांधून घ्या.

नंदी मोठा की तोरणा?

नंदी! येलहंक्याजवळच्या या डोंगराची उंची १४७८ मीटर, तोरण्याची १४०३. म्हणजे राजगड, तोरणा, सिंहगड हे तिन्ही नंदीच्या खांद्याखाली येतात. पुणेकरांना हे पटत नाही, कारण नंदी चढताना दम लागत नाही. गोम अशी आहे, की येलहंका स्वतःच नऊशेहून जास्त मीटरवर वसलेलं आहे. तुम्ही घरातून बाहेर पडता तेव्हाच अर्ध्याहून अधिक चढ खात्यात जमा झालेला असतो. उरलेल्या उंचीवरही गाडीरस्ता जातो. ज्यांना तोरण्याशी इमान राखायचं आहे त्यांच्यासाठी सुलतानपेठेच्या बाजूनं ११७५ पायऱ्या आहेत. कळसूबाई मात्र १६४६ मीटर, तिला धक्का नाही.

हवेचा हिशेब सोपा आहे. दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंश तापमान उतरतं. येलहंक्याहून साडेपाचशे मीटर वर गेलात की तीन-चार अंशांचा फरक, शिवाय वारा. डिसेंबरात कानटोपी विसरलेला माणूस सूर्योदय बघत नाही, चहावाला शोधतो.

आणि तो प्रसिद्ध ‘ढगांचा समुद्र’? निरभ्र रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खोऱ्यात उतरते, तिथली वाफ धुकं होऊन बसते. वर उबदार हवेचं झाकण असतं, म्हणून धुकं वर येत नाही. पावसाळा सरल्यापासून थंडी संपेपर्यंत हा खेळ उत्तम रंगतो. त्यासाठी आदली रात्र स्वच्छ आणि निवांत वाऱ्याची हवी. आदल्या रात्री आभाळ गच्च असेल तर झोपून राहिलेलं बरं.

अडीचशे कोटी वर्षांचा दगड

सह्याद्रीचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. इथला ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. बंगळुरूच्या लालबागेतला दगड तर त्याहून जुना, तीनशे कोटींच्या घरातला, म्हणून त्याला राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारकाचा दर्जा आहे. डायनोसॉर आले आणि गेले तेव्हाही हे डोंगर म्हातारे होते.

वयापेक्षा स्वभावातला फरक ट्रेकरला जास्त भोवतो. सह्याद्रीत लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, म्हणून आपल्याकडे माच्या, कडे, सपाट माथे आणि पाय ठेवायला खोबणी. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात खोल, सावकाश गार झाला. वरची माती-खडक झिजून गेल्यावर त्याच्यावरचा दाब सुटला आणि तो कांद्यासारखे पापुद्रे सोडू लागला. त्यातून हे गुळगुळीत, गोल घुमट तयार झाले. ना माची, ना खोबण. कोरडा असेल तर बूट झकास धरतो, ओला झाला की तोच दगड घसरगुंडी.

आता तंबूचं बोला. या दगडात मेख जात नाही. हातोडा आणा, पहार आणा, मेखच वाकते. इथं कमानीच्या काड्यांवर स्वतःच उभा राहणारा तंबू लागतो आणि दोर दगडांना गुंडाळावे लागतात. पाण्याचीही तीच कथा. आपल्या गडांवर कातळात खोदलेली टाकी मार्चपर्यंत साथ देतात. इथल्या उघड्या घुमटांवर पावसाचं पाणी नैसर्गिक खळग्यांत साचतं आणि उन्हाळ्याआधीच गायब होतं. तेव्हा पाणी पाठीवरून न्या. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर आंबेसरी कोसळतात, विजांसकट. उघड्या घुमटावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, हे लक्षात ठेवलं तरी पुरे.

अशा घुमटांचा दादा म्हणजे बंगळुरूच्या पश्चिमेकडचा सावनदुर्ग, १२२६ मीटर, आशियातल्या सर्वांत मोठ्या एकसंध शिळांपैकी एक. दिग्दर्शक डेव्हिड लीनला ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९८४) या चित्रपटासाठी गूढ गुहांचे डोंगर हवे होते, ते त्याला याच भागात मिळाले. आणि त्याच्या आधी जवळच्या रामनगरच्या खडकांत एक वेगळंच बिऱ्हाड थाटलं होतं: ‘शोले’चं. चंबळच्या खोऱ्यातला म्हणून अख्ख्या देशानं ओळखलेला गब्बर मुळात बंगळुरूकर. तिथल्याच रामदेवर बेट्टावर आज गिधाडांचं अभयारण्य आहे.

खिडकीतून फुकट

मुंबई-पुणे-सोलापूरहून ‘उद्यान एक्सप्रेस’नं येत असाल तर दोड्डबळ्ळापूरच्या अलीकडे खिडकीला डोळा लावा. रुळांना बिलगून एक टेकाड दिसेल, माथ्यावर तटबंदीचे अवशेष. तो मकालीदुर्ग. त्याच नावाचं स्टेशनही आहे, आणि येलहंक्याहून पॅसेंजरनं तिथं उतरून चढणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. ‘ट्रेननं किल्ल्याला जाणं’ हे कर्जत-कसाऱ्याच्या मंडळींना नवं नाही. पण एक विनंती: रुळांवरून चालत जाऊन फोटो काढू नका. तो मार्ग वाहता आहे.

जवळच घाटी सुब्रमण्यम. गाभाऱ्यात पूर्वेकडे तोंड करून कार्तिकेय आणि त्याच्या पाठीला पाठ लावून पश्चिमेकडे नरसिंह. मागच्या देवाचं दर्शन समोरून कसं व्हायचं? त्यासाठी मागच्या बाजूला चक्क आरसा लावलेला आहे.

पाणी उतरतं, पाणी चढतं

महाबळेश्वरला पाच नद्यांचं कौतुक असतं. नंदीच्या परिसराचं पानही तेवढंच भरलेलं आहे: उत्तर पिनाकिनी, दक्षिण पिनाकिनी, पालार, अर्कावती, पापघ्नी, चित्रावती. पहिली आंध्रात नेल्लोरजवळ समुद्राला मिळते, दुसरी तमिळनाडूत कडलूरजवळ, पालार चेन्नईच्या दक्षिणेला. अर्कावती कनकपुऱ्याच्या संगमावर कावेरीत जाते. महाबळेश्वरची सावित्री तेवढी पश्चिमेला पळते. इथली एकही नदी तसा हट्ट करत नाही, झाडून सगळ्या बंगालच्या उपसागराला.

यातल्या अर्कावतीवर बंगळुरू वाढलं. १८९४ साली येलहंक्याच्या पश्चिमेला हेसरघट्टाला तिचं पाणी अडवलं आणि शहराला नळानं पाणी मिळू लागलं. ते पुरेना, तेव्हा १९३३ साली खाली तिप्पगोंडनहळ्ळीला दुसरा जलाशय झाला. तोही पुरेना, म्हणून मग शंभर किलोमीटरवरून कावेरी उपसून आणली. नंदीवरून उतरणाऱ्या पाण्याची शहरानं अशी सोय लावली.

आणि आता उलटा प्रवाह बघा. शहराचं सांडपाणी हेब्बाळ-नागवार खोऱ्यात जमतं, त्यावर दोन टप्प्यांची प्रक्रिया होते आणि ते पंपानं वर चढवून देवनहळ्ळी-चिक्कबळ्ळापूरकडच्या तळ्यांत सोडलं जातं. योजना ६५ तळ्यांची, दिवसाला २१ कोटी लिटरची. हेतू विहिरी-बोअरवेल पुन्हा जिवंत करण्याचा. एके काळी डोंगरानं शहराला पाणी पाजलं, आज शहर आपलं वापरलेलं पाणी डोंगराच्या पायथ्याला परत करतं. तिथल्या दुष्काळी तालुक्यांना ते हवंही आहे, आणि तिसऱ्या टप्प्याची शुद्धी करून द्या म्हणून तिथल्या लोकांनी आवाजही उठवला आहे. माझं मत विचाराल तर त्यांचं म्हणणं रास्त आहे.

कॅम्पिंगवाल्यासाठी यातला मथितार्थ एका ओळीचा: नंदीच्या पायथ्याला सूर्यास्तात चमकणारं भरलेलं तळं दिसलं तर फोटो जरूर काढा, पण त्या पाण्यात पिठलं शिजवू नका.

येलहंक्याची स्वतःची तळीही बघण्यासारखी. ती सुटी नाहीत, साखळीनं जोडलेली आहेत: एक भरलं की पाणी पुढच्यात. जक्कूर तळ्याला तर शुद्धीकरण केंद्रातलं पाणी आधी पाणवनस्पतींच्या दलदलीतून गाळून मिळतं. वनस्पती उरलासुरला नत्र-स्फुरद शोषून घेतात. तिथून जवळच पुट्टेनहळ्ळीचं तळं पक्ष्यांसाठी राखीव आहे. चित्रबलाक, रातबगळे, पाणकावळे यांचा मुक्काम तिथं कायमचा, आणि त्यांना परवाना लागत नाही.

शहाजीराजांचा शेजार

हा भाग मराठी माणसानं सावकाश वाचावा. सोळाव्या शतकात बंगळुरू वसवणारा केंपेगौडा येलहंक्याच्या नाडप्रभूंच्या घराण्यातला. १५३७ साली त्यानं मातीचा किल्ला बांधला आणि गाव उभं राहिलं. शंभर वर्षांनी, १६३८ च्या सुमारास, आदिलशाही सरदार रणदुल्लाखानानं ते जिंकलं. त्याच्या सोबत शहाजीराजे होते. गौडांचं घराणं मागडी-सावनदुर्गाकडे सरकलं आणि बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. कोलार, होसकोटे, शिरे आणि आपलं ते मकालीदुर्गाजवळचं दोड्डबळ्ळापूरही त्याच जहागिरीत. म्हणजे येलहंक्याहून ट्रेकला ज्या दिशेनं निघाल, त्या वाटेवर कधी काळी मराठी घोडी दौडली आहेत.

राजांचा शेवटही रानातच झाला. जानेवारी १६६४ मध्ये, आजच्या दावणगेरे जिल्ह्यातल्या होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून. तिथं त्यांची समाधी आहे. बंगळुरूहून शिमोग्याकडे जाताना थोडी वाट वाकडी केली की तिचं दर्शन होतं. फार थोडे मराठी लोक ती वाट धरतात, हे मात्र खटकतं.

पुढे शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे तंजावरला गेले आणि बंगळुरू सांभाळणं परवडेना. त्यांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांशी सौदा ठरवला: तीन लाख रुपयांना अख्खं बंगळुरू! सौदा पुरा होण्याआधीच १६८७ च्या जुलैत मुघलांनी शहर घेतलं, आणि वडियारांनी ते मुघलांकडून मिळवलं. आज तीन लाखांत येलहंक्यात काय मिळतं, हे एजंटला विचारू नका. एकोजींची एक खूण मात्र शहरात पक्की आहे: त्यांनी बांधलेलं काडू मल्लेश्वराचं देऊळ. तेव्हा ते रानात होतं, आज मल्लेश्वरमच्या गजबजाटात आहे.

छावणीतलं सुपरमार्केट

आता १७९१. टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे एकत्र. मे महिन्यात श्रीरंगपट्टणच्या वेढ्याच्या तयारीत इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची फौज अशी उपाशी पडली की बैल मेले, जड तोफा जागीच फोडून टाकून माघार घ्यावी लागली. वाटेत अचानक मराठी फौज भेटली: हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. त्यांच्या छावणीच्या बाजारात धान्य तर होतंच, पण मार्क विल्क्स या इंग्रज इतिहासकारानं केलेली यादी वाचून हसू येतं: उत्तम विलायती बनात, बर्मिंगहॅमचे चाकू, काश्मिरी शाली, जडजवाहीर, बैल, मेंढ्या, कोंबड्या. साहेबाला स्वतःच्याच देशातला चाकू मराठ्यांच्या तंबूत विकत मिळत होता! भाव अर्थातच चढे. डोंगरपायथ्याच्या कॅम्पवर दुप्पट भावानं मॅगी घेताना हे आठवावं. धंदा जुना आहे.

  

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्रजांनी नंदीदुर्ग घेतला, तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर चांदण्या रात्री हल्ला करून. नंदीवरच्या ‘नाइट ट्रेक’ची ही सगळ्यात महागडी आवृत्ती.

तंबूत काढलेला जन्म

कॅम्पिंगचा खरा बादशहा विल्यम लॅम्बटन. १८०० साली त्यानं बंगळुरूजवळ मोजणीची पायारेषा आखली आणि १८०२ मध्ये मद्रासहून भारताची महामोजणी सुरू केली. पुढची वीस वर्षं त्याचं घर म्हणजे तंबू. सोबत कोन मोजायचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना ते आदळून वेडंवाकडं झालं, तर गडी तंबूत स्वतःला कोंडून बसला आणि सुमारे सहा आठवड्यांनी दुरुस्त करूनच बाहेर आला. १८२३ मध्ये नागपूरकडे जाताना मुक्कामातच तो गेला, आणि त्याचं थडगं आहे आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला.

टिपूची झाडं, टोपीची माकडं

नंदीवर टिपूनं उन्हाळ्यासाठी महाल बांधला आणि १७९० च्या सुमारास बागेत ऑस्ट्रेलियातून मागवलेल्या बियांची निलगिरीची झाडं लावली. भारतातली ती पहिली निलगिरी समजली जाते. ऑस्ट्रेलियात इंग्रजांची पहिली वसाहतच १७८८ ची, यावरून टिपूच्या माळीकामाचा वेग लक्षात येईल. पुढे याच निलगिरीनं जिल्हे व्यापले, ती भूजल शोषते म्हणून ओरड झाली आणि २०१७ मध्ये कर्नाटक सरकारनं नव्या लागवडीवर बंदी घातली.

दुर्बीण असेल तर दोन पाहुणे शोधा. पीतकंठी बुलबुल: दक्षिण भारताच्या खडकाळ टेकड्यांखेरीज जगात कुठेही न मिळणारा. आणि निलगिरी रानकबुतर: मूळचं पश्चिम घाटाचं, पण नंदीच्या दाट झाडीतही त्याची वेगळी वस्ती आहे. दुर्बीण नसेल तर माकडं आहेतच. डोक्यावरचे केस टोपीसारखे पसरलेली ही तीच जात, जी माथेरानला तुमच्या हातातलं कणीस पळवते. तंबूची चेन त्यांना उघडता येते.

पाहुणे मोठे मोठे

मार्च १९२७ मध्ये कोल्हापुरात गांधीजींची तब्येत एकाएकी ढासळली. रक्तदाब. डॉक्टरांनी थंड हवा सांगितली. आधी निपाणी, मग आंबोली आणि एप्रिलमध्ये नंदी. जूनच्या सुरुवातीपर्यंत ते तिथं राहिले आणि सावरले. १९३६ मध्ये पुन्हा आले. १९८६ च्या नोव्हेंबरात बंगळुरूत ‘सार्क’ परिषद भरली तेव्हा राजीव गांधींनी सात देशांच्या नेत्यांना गप्पांसाठी याच डोंगरावर आणलं.

पायथ्याजवळ मुद्देनहळ्ळी, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं जन्मगाव. ते शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, नोकरी मुंबई इलाख्यात, आणि त्यांनी आखलेले धरणाचे स्वयंचलित दरवाजे पहिल्यांदा बसले १९०३ मध्ये, खडकवासल्याला. पानशेतला तंबू ठोकायला जाणारे पुणेकर वाटेत कणीस खातात ते त्याच धरणाच्या काठी. परतफेड म्हणा हवी तर: येलहंक्याहून नंदीच्या वाटेवर विमानतळापाशी उभा असलेला केंपेगौडांचा १०८ फुटी पुतळा घडवला तो धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी.

आणि भोगनंदीश्वराचं देऊळ चुकवू नका. नंदी गावातलं हे देऊळ नवव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचं. त्या काळच्या राष्ट्रकूटांशी त्याचा संबंध दाखवणारा ताम्रपट आहे. राष्ट्रकूट म्हणजे वेरूळचं कैलास घडवणारे. पायथ्याचा देव भोगनंदीश्वर, माथ्यावरचा योगनंदीश्वर: ट्रेकचा क्रम आधीच ठरवून दिलेला.

चिकन बंद!

हे फक्त येलहंक्यातच घडू शकतं. इथल्या हवाई दलाच्या तळावर १९९६ पासून ‘एरो इंडिया’ हे विमानांचं प्रदर्शन एक वर्षाआड भरतं. मटणाच्या दुकानांतल्या कचऱ्यावर घारी जमतात आणि घार विमानाच्या इंजिनात गेली तर अनर्थ. म्हणून प्रदर्शनाच्या दिवसांत पालिका परिसरातली मांसविक्रीच बंद करते. २०२५ मध्ये तळापासून १३ किलोमीटरपर्यंत, २३ जानेवारी ते १७ फेब्रुवारी. त्या काळात कॅम्पवर चुलीवरचं चिकन ठरवलं असेल, तर बेत बदलून भरली वांगी करा.

आणि शेवटी, रात्रीचं

नंदीच्या माथ्यावर कुठंही तंबू टाकायला परवानगी नाही. संध्याकाळी दरवाजे बंद होतात. रात्र काढायचीच तर तिथल्या सरकारी विश्रामगृहात खोली राखून ठेवा. नंदीजवळचा स्कंदगिरी डोंगर आणि मकालीदुर्ग वनखात्याच्या ताब्यात आहेत, आणि त्यांच्यावर चढायला ऑनलाइन परवाना काढावा लागतो. २०२४ च्या सुरुवातीला डोंगरांवर माणसांचा पूर लोटल्यावर कर्नाटकानं बरेच ट्रेक थांबवले आणि नंतर रोजच्या संख्येला मर्यादा घालून ते पुन्हा सुरू केले. ‘अरण्य विहार’ हे त्याचं संकेतस्थळ. शनिवार-रविवारच्या जागा लवकर संपतात. तंबू हवाच असेल तर पायथ्याच्या शेतांमधल्या खासगी तळांवर तो मिळतो, आणि तिथल्या लाल मातीत मेखही व्यवस्थित जाते.

तेव्हा जमलं तर मंगळवार-बुधवारची रजा टाका, परवाना आधी काढा, पाणी घरून भरा आणि रिकाम्या बाटल्या येलहंक्याला परत आणा.